उपग्रह सोडताना तो उतरवण्याचीही हमी घ्या: अवकाश समितीला खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाशाच्या शांततामय वापरासाठीच्या समितीचे सदस्य देश,
व्हिएन्ना.

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. उपग्रह असो वा अग्निबाणाचा शेवटचा टप्पा, काम संपल्यावर तो कक्षेतून कसा आणि किती वर्षांत काढणार याची लेखी हमी उड्डाणाआधीच संबंधित देशाकडून घेतली जावी, आणि ती पाळली नाही तर त्या देशाला जाब विचारता यावा. आज आंतरराष्ट्रीय पातळीवर असे सक्तीचे काहीही नाही. आपल्या समितीने २००७ साली अवकाश कचरा कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. २०१९ साली अवकाशाच्या दीर्घकालीन वापरासाठी आणखी २१ तत्त्वे स्वीकारली. दोन्ही मसुदे मेहनतीने केलेले आहेत. पण ते पाळायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे.

मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. तिन्हीसांजेला आणि पहाटे दुर्बीण घेऊन उपग्रह पाहण्याचा नाद असलेला माणूस आहे. खाली अंधार पडलेला असतो, पण सातशे-आठशे किलोमीटरवर अजून ऊन असते, म्हणून ते दिसतात. चालू उपग्रह बहुधा एकसारख्या उजेडात संथपणे आकाश ओलांडून जातो. कधी मात्र एखादा ठिपका असा येतो, जो भक्कन उजळतो, मंदावतो, दिसेनासा होतो आणि काही सेकंदांनी पुढे जाऊन पुन्हा उजळतो. तो बहुतेक वेळा अग्निबाणाचा रिकामा टप्पा असतो. त्याच्यावर कोणाचाही ताबा उरलेला नसतो. कोलांट्या खात तो फिरत राहतो आणि त्याची लांब बाजू उन्हासमोर आली की चमकतो. नकाशे आणि वेळापत्रके जुळवून त्याचे नाव शोधले की कळते, हा तीस-चाळीस वर्षांपूर्वी वर गेला आणि त्याचे काम पहिल्या तासाभरातच संपले होते.

उपग्रहांवाचून आज जगाचे पान हलत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. वादळाचा इशारा, जहाजाचा मार्ग, बँकेच्या व्यवहारावरची वेळेची नोंद, वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली एकमेकांशी जुळवलेली घड्याळे, सगळे वरून येते. त्यातल्या दोनच उपयोगांबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझी मागणी त्यांच्यातूनच निघाली आहे.

पहिला उपयोग संकटात सापडलेल्या माणसाला शोधण्याचा. १९७९ साली, शीतयुद्ध चालू असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून ‘कॉस्पास-सारसॅट’ ही योजना ठरवली. विमानात किंवा बोटीत एक छोटा संदेशक असतो. अपघात झाला की तो ठरावीक कंप्रतेवर हाक देऊ लागतो. खालच्या कक्षेतून जाणारा उपग्रह जवळ येत असताना त्याला ती कंप्रता किंचित चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरती. या चढउतारावरून हाक कुठून आली याचे गणित मांडता येते. जून १९८२ मध्ये सोव्हिएत संघाने ‘कॉसमॉस-१३८३’ हा उपग्रह सोडला. त्याच सप्टेंबरात कॅनडाच्या डोंगराळ भागात कोसळलेल्या एका लहान विमानाची हाक त्याने टिपली आणि तीन माणसे वाचली. सोव्हिएत उपग्रहाने ऐकलेल्या हाकेवरून कॅनडाची बचाव पथके धावली, तेही १९८२ साली. या समितीत एकमत होणे अवघड असते हे मला ठाऊक आहे, पण त्या काळाहून आजचा काळ अवघड आहे असे म्हणायला माझे मन धजत नाही.

दुसरा उपयोग समुद्राची पातळी मोजण्याचा. माझ्या मते माणसाने अवकाशातून केलेले हे सर्वांत चिकाटीचे काम आहे. १९९२ साली अमेरिका आणि फ्रान्सने ‘टोपेक्स-पोसायडन’ हा उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवर ठेवला. तो खाली रडारचे स्पंद सोडायचा, ते पाण्यावरून परतायला किती वेळ लागला हे मोजायचा आणि त्यातून पाण्याची उंची काढायचा. जवळपास दर दहा दिवसांनी तो पुन्हा त्याच मार्गावर यायचा. २००१ अखेरीस ‘जेसन-१’ गेला आणि त्याच मार्गावर जुन्या उपग्रहाच्या पुढे-मागे सुमारे एका मिनिटाच्या अंतराने कित्येक महिने उडत राहिला. दोघांनी तेच पाणी मोजावे आणि दोन्ही मापे जुळवून घ्यावीत, मगच एकाचे काम दुसऱ्याने पुढे न्यावे, असा तो बेत होता. पुढे ‘जेसन-२’, ‘जेसन-३’ आणि २०२० साली ‘सेंटिनेल-६’ आला. १९९३ पासून जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे १० सेंटीमीटर वाढली, हे आपण आज ठामपणे म्हणू शकतो ते या न तुटलेल्या साखळीमुळे. वर्षाला तीन-चार मिलिमीटर एवढा बदल पकडायचा तर मोजणारा हात मध्येच बदलून चालत नाही.

आता याच साखळीतली एक गोष्ट पाहा. टोपेक्स-पोसायडनचे काम २००६ च्या सुरुवातीला थांबले. दोन टनांहून जड असलेला तो उपग्रह आहे तिथेच राहिला, कारण त्याला हलवणे शक्य उरले नव्हते. २०१२ साली जेसन-१ म्हातारा झाला, तेव्हा त्याच्या चालकांनी त्याला मुद्दाम काही किलोमीटर खालच्या वेगळ्या कक्षेत नेले. कारण त्याच्या मूळ मार्गावर निकामी टोपेक्स होता आणि चालू जेसन-२ होता. जेसन-१ चेही नियंत्रण सुटून त्यांच्यात टक्कर झाली असती, तर समुद्र मोजण्याचा तो मार्गच कायमचा बिघडला असता. ज्या मार्गाने तीस वर्षांची नोंद दिली, त्याच मार्गावर त्या नोंदीचा पहिला उपग्रह आज धोका बनून फिरतो आहे. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आहे की हे निकामी उपग्रह हजार वर्षे खाली येणार नाहीत.

हजार वर्षे हा आकडा अलंकार म्हणून लिहिलेला नाही. चारशे किलोमीटरवर हवेचा थोडाफार अडथळा असतो, तिथली वस्तू एक-दोन वर्षांत आपोआप उतरते. आठशे किलोमीटरवर शतक किंवा अधिक लागते. हजार किलोमीटरच्या पुढे तर हजार वर्षे किंवा अधिक. आणि पृथ्वीची पाहणी करणाऱ्या उपग्रहांना नेमकी सहाशे ते नऊशे किलोमीटरची पट्टी सोयीची पडते. तिथे ध्रुवांजवळून जाणारी कक्षा अशी बेतता येते की तिचे प्रतल रोज साधारण एक अंश सरकते आणि उपग्रह प्रत्येक ठिकाणावर दर वेळी तिथल्या एकाच घड्याळी वेळेला पोहोचतो. सावल्या सारख्या पडतात, म्हणून मागच्या वर्षीचे जंगल आणि या वर्षीचे जंगल शेजारी ठेवून पाहता येते. ही सोय आणि हा कचरा एकाच पट्टीत जमला आहे.

तिथे काय काय आहे? युरोपीय अवकाश संस्थेचा ‘एनव्हिसॅट’ आहे. आठ टनांचा हा उपग्रह ८ एप्रिल २०१२ रोजी अचानक गप्प झाला आणि तेव्हापासून तसाच फिरतो आहे. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी क्षेपणास्त्राने फोडलेल्या स्वतःच्या ‘फेंगयुन-१सी’ या हवामान उपग्रहाचे तुकडे आहेत. मोजता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे त्या एका दिवशी तयार झाले. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर निकामी रशियन ‘कॉसमॉस-२२५१’ आणि चालू अमेरिकी ‘इरिडियम-३३’ एकमेकांवर आदळले, त्यांचे तुकडे आहेत. त्या टकरीआधीच्या अंदाजानुसार दोघे एकमेकांपासून पाचशे मीटरहून अधिक अंतरावरून जाणार होते. सेकंदाला अकरा किलोमीटरहून अधिक अशा परस्पर वेगात पाचशे मीटरची चूक ही चूकसुद्धा म्हणता येत नाही, आपल्या मोजमापाची कुवतच तेवढी होती.

लहान तुकड्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक वाईट आहे, कारण ते दिसतही नाहीत. २३ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सेंटिनेल-१ए’ या रडार उपग्रहाची वीज अचानक थोडी घटली आणि त्याची दिशा व कक्षा किंचित बदलली. अभियंत्यांना कारण कळेना. त्या उपग्रहावर छोटे कॅमेरे होते. सौरपट्ट्या नीट उलगडल्या की नाही हे प्रक्षेपणानंतर पाहण्यापुरतेच ते बसवलेले होते. ते पुन्हा चालू केले. प्रक्षेपणानंतरचा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवल्यावर सौरपट्टीवर सुमारे ४० सेंटीमीटर रुंदीची खोक दिसली. ती काही मिलिमीटरच्या कणाने केली होती. पूर, हिमनग, जमिनीची खचण यांच्यावर नजर ठेवणारा उपग्रह त्या दिवशी वाचला, कारण कण पट्टीवर लागला. तोच मुख्य भागात घुसला असता तर काय झाले असते, हे आपल्या तांत्रिक उपसमितीतल्या कोणालाही विचारावे.

नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ सालीच दाखवून दिले होते की एका मर्यादेपलीकडे टकरीतून तुकडे आणि तुकड्यांतून टकरी अशी रांग लागते, नवीन काहीही सोडले नाही तरी. म्हणजे इशारा मिळून जवळपास अर्धे शतक उलटले.

आता कायद्याकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती दूर करणे आपल्याच हातात आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार वर पाठवलेल्या वस्तूवरचा नोंदणीकर्त्या देशाचा अधिकार आणि तिची मालकी कायम राहते. ती निकामी झाली तरी राहते, तिचे तुकडे झाले तरी राहते. म्हणून दुसऱ्याचा मेलेला उपग्रह उतरवायची कोणाची तयारी असली, पैसा असला, यंत्र असले, तरी मालकाच्या संमतीवाचून त्याला हात लावता येत नाही. २०२४ साली जपानच्या एका कंपनीचे ‘ॲड्रास-जे’ यान एका निकामी अग्निबाण-टप्प्यापासून अवघ्या पंधरा मीटरवर जाऊन त्याची पाहणी करून आले. तंत्र जमू लागले आहे. पण तो टप्पा जपानचाच होता, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. कक्षेतले सर्वांत धोक्याचे जुने टप्पे ज्यांचे आहेत, त्यांच्याकडून संमती मिळवण्याचा ठरलेला मार्ग आज कुठेच लिहिलेला नाही.

१९७२ चा दायित्व करार जमिनीवर झालेल्या नुकसानीबाबत स्पष्ट आहे. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस-९५४’ कॅनडावर कोसळला, कॅनडाने सफाईचा खर्च मागितला आणि १९८१ साली सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. कक्षेतल्या टकरीबाबत मात्र तोच करार आधी कसूर सिद्ध करायला सांगतो. निकामी उपग्रह कक्षेत तसाच पडून राहू देणे ही कसूर आहे, असे कुठल्याच बंधनकारक नियमात म्हटलेले नसेल तर ती सिद्ध कशी करायची? २००९ च्या टकरीनंतर या कराराखाली कोणाचाही दावा पुढे गेला नाही. मला यात नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटते.

समुद्राबाबत राष्ट्रांनी हे करून दाखवले आहे. बुडालेल्या जहाजांचे अवशेष हटवण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार नैरोबीत झाला आणि २०१५ पासून तो लागू आहे. धोकादायक अवशेष शोधणे, त्यावर खूण लावणे आणि तो हटवणे यांचा भार जहाजमालकावर आहे. मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा उतरवावाच लागतो. मालकाने हात वर केले तर किनाऱ्यावरचा देश अवशेष हटवून खर्च वसूल करू शकतो. तो करार २००७ सालचा आहे, आपली कचऱ्याबद्दलची ऐच्छिक तत्त्वेही २००७ सालचीच. एकाच वर्षी जगाने समुद्रासाठी बंधन स्वीकारले आणि अवकाशासाठी सल्ल्यावर भागवले.

सक्ती झाली तर उपग्रह महाग होतील, हे खरे आहे. खाली येण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, म्हणजे उपयोगाची काही महिने-वर्षे कमी होतात. पण हे अशक्य नाही. भारत आणि फ्रान्सचा ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा उपग्रह ८६० किलोमीटरच्या आसपास फिरत होता. नियंत्रित रीतीने उतरवण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. त्यात सव्वाशे किलो इंधन उरले होते. इस्रोने टप्प्याटप्प्याने कक्षा खाली आणत ७ मार्च २०२३ रोजी तो प्रशांत महासागरावर जाळून संपवला, एरवी तो शंभर वर्षे तिथेच राहिला असता. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय अवकाश संस्थेने वारे मोजणारा ‘एओलस’ उपग्रह असाच उतरवला, त्याचीही मूळ रचना तशी नव्हती. जे या हेतूने बांधलेलेच नव्हते ते उतरवता आले, तर जे आज कागदावर आहेत त्यांच्यात ही सोय का नको?

देशांतर्गत कायदा कामी येतो याचाही दाखला आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ साली खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यापासून पाच वर्षांत काढण्याचा नियम केला. जुनी सवलत पंचवीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी त्याच आयोगाने भूस्थिर कक्षेतला (ही कक्षा इतकी उंच आहे की तिथले उपग्रह उतरवत नाहीत, वाटेतून बाजूला आणखी वर नेतात) एक जुना उपग्रह ठरल्याप्रमाणे ३०० किलोमीटर वर न नेता १२२ किलोमीटरवरच सोडल्याबद्दल ‘डिश’ कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो दंड किरकोळ आहे हे मान्य. तरी ‘तुम्ही सांगितले तसे केले नाही’ असे कोणीतरी अधिकाराने म्हटले, याला मी फार किंमत देतो. पण एका देशाचा आयोग आपल्या परवानाधारकांना आणि फार तर आपल्या बाजारात येणाऱ्यांना बांधू शकतो. कंपनी उद्या दुसऱ्या देशाच्या परवान्याखाली दुसऱ्याच बाजारात गेली की नियम मागे राहतो. म्हणून ही पाच वर्षांची मुदत आपल्या समितीच्या पातळीवर हवी.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो. आत्ता कुठे अवकाशात पाऊल टाकणारे देश म्हणतात, साठ वर्षे मोजक्या श्रीमंत देशांनी वाटेल तसे टप्पे वर टाकून दिले, आणि आमची पाळी आल्यावर नियम कडक होत आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कक्षेतला बहुतांश कचरा रशिया, अमेरिका आणि चीन यांचा आहे. म्हणून पुढच्या उड्डाणांची हमी सर्वांसाठी सारखी असावी, पण आधीच साचलेले उतरवण्याचा खर्च ज्याने टाकले त्याच्या वाट्याला यावा, आणि त्या देशांनी आपल्या सर्वांत धोकादायक वस्तूंची यादी जाहीर करून त्यांना हात लावण्याची संमती आगाऊ द्यावी. दुसऱ्याच्या उपग्रहाजवळ जाणारे यान हे शस्त्रही ठरू शकते, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे अशी प्रत्येक मोहीम आधी कळवून, मार्ग आणि वेळ जाहीर करून करणे. भीती आहे म्हणून काहीच न करणे हा उपाय होत नाही.

चालू उपग्रहांचे आपसातले बोलणेही सुधारायला हवे. सप्टेंबर २०१९ मध्ये एओलसला स्पेसएक्स कंपनीच्या एका स्टारलिंक उपग्रहापासून बाजूला व्हावे लागले. दोन्ही बाजूंचा संपर्क ईमेलवर चालू होता, आणि धोका वाढल्याची सूचना आपल्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे संबंधिताने पाहिलीच नाही, असे कंपनीने नंतर सांगितले. तेव्हा स्टारलिंकचे उपग्रह काही डझन होते. आता हजारो आहेत आणि बरेचसे स्वतःच मार्ग बदलतात. कोण कोणाला वाट देणार हा नियम अजून नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, जरी ती माझ्याच मागणीला अडचणीची आहे. उपग्रह जाळून संपवले की ते नाहीसे होत नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या सुमारे दहा टक्के कणांमध्ये उपग्रह आणि अग्निबाणांतून आलेले ॲल्युमिनियम व इतर धातू सापडले. त्याचा ओझोनवर काय परिणाम होईल, यावर शास्त्रज्ञ काम करत आहेत. म्हणून हमी घेताना ‘किती वर्षांत उतरवणार’ याबरोबरच ‘एकूण किती वजन जाळणार’ हेही विचारले जावे, आणि जे काम शंभर उपग्रहांत होते त्यासाठी हजार कशाला, हा प्रश्न परवान्याच्या टेबलावरच यावा.

उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांबद्दल फार लिहीत नाही. अमेरिका, रशिया, चीन, भारत या चौघांनीही त्या केल्या आहेत. नोव्हेंबर २०२१ मधल्या रशियाच्या चाचणीनंतर आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या अंतराळवीरांना, ज्यांत रशियाचेही होते, परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये महासभेने अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन करणारा ठराव मोठ्या बहुमताने केला. तो आवाहनाच्या पुढे गेला पाहिजे.

आपल्या कायदेविषयक उपसमितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर अवकाश कचरा कमी करणे व हटवणे यासंबंधीच्या कायदेशीर उपायांवर ‘माहिती आणि मतांची देवाणघेवाण’ असा विषय वर्षानुवर्षे असतो. येत्या बैठकीत कोणत्याही एका सदस्य देशाने एवढाच प्रस्ताव मांडावा: या विषयाखाली मतांऐवजी मसुद्यावर काम सुरू करायचे. पहिल्या मसुद्यात तीन कलमे पुरेत. उड्डाणाआधी उतरवण्याची हमी, काम संपल्यापासून पाच वर्षांची मुदत, आणि निकामी वस्तू दुसऱ्याने हटवायची असल्यास संमती देण्याची ठरलेली पद्धत. प्रस्ताव कोणता देश मांडतो आणि कोण अडवतो, हे आम्ही सामान्य लोक इतिवृत्तात वाचणार आहोत.

आपला,
उपग्रह पाहणारा एक नागरिक